कुंकवाखालचं नाव

"मॅडम, आमच्या देव्हाऱ्यात एक देवी आहे. माझी मुलगी म्हणते, ती देवी नाहीये."

फोन लालबागहून होता. बोलणारे गृहस्थ साठीला टेकलेले. मी त्यांना पुढे दादा म्हणायला लागले आणि इथेही तेच म्हणते, कारण या घरातल्या कुणाचंच नाव मी लिहिणार नाही. सगळं प्रकरण एका नावाभोवती फिरत असताना हे चमत्कारिक वाटेल, पण घरच्यांची तशी इच्छा आहे, शिवाय गावाकडे जमिनीचा विषय अजून थंड झालेला नाही.

माझी ओळख थोडक्यात. तीस वर्षं एका ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या विभागात काढली. निवृत्तीनंतर लोकांच्या घरात निघणारी लष्करी पदकं, बिल्ले, पेन्शनची पुस्तकं यांचा माग काढून देते. पैसे घेत नाही, चहा घेते.

दादांची चाळ पुनर्विकासाला निघाली होती. महिन्याभरात खोली रिकामी करून चावी द्यायची होती. माळ्यावरचे हंडे, कळशा, ट्रंका खाली आल्या, काय न्यायचं आणि काय मोडीत घालायचं यावर रोज वाद. देव्हारा बांधताना मुलीने ती 'देवी' उचलली, मोबाइलवर फोटो काढला, शोधला आणि घरात जाहीर केलं की ही ब्रिटिशांची बाई आहे. त्यावर विरारच्या आत्याने, म्हणजे दादांच्या वडिलांच्या थोरल्या बहिणीने, फोनवरूनच सगळ्यांना झापलं. तेव्हा दादांनी मला गाठलं.

मी गेले तेव्हा खोलीत बसायला जागा नव्हती, खोकीच खोकी. देव्हारा मात्र अजून जागेवर होता. खंडोबाचा टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, बाईचा ठसा उमटवलेला एक छोटा चांदीचा टाक, आणि मागे भिंतीला टेकवून ठेवलेली, बशीएवढी, काळपट तांबूस धातूची गोल ताटली. तिच्यावर उभी बाई, हातात त्रिशूळ, पुढ्यात सिंह. बाईच्या कपाळापासून पायापर्यंत कुंकवाचा थर इतका जुना की त्याचा दगड झाला होता. त्रिशूळ आणि सिंह दिसल्यावर आपल्याकडच्या कुणीही हात जोडलेच असते. चूक म्हणावी असं त्यात मला काहीच दिसलं नाही.

वस्तू काय आहे हे ओळखायला मला मिनिटही लागलं नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यात असताना मेलेल्यांच्या घरी सरकारने कांस्याची एक स्मृती-चकती पाठवली होती. व्यास बारा सेंटिमीटर, वजन तीनशे ग्रॅमच्या वर. नक्षीसाठी खुली स्पर्धा झाली आणि १९१८मध्ये एडवर्ड कार्टर प्रेस्टन या शिल्पकाराची नक्षी निवडली गेली. बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचं स्त्रीरूप, त्रिशूळ समुद्रावरच्या सत्तेचा, सिंह ब्रिटनचा. तळाला आणखी एक छोटा सिंह गरुडाला फाडतोय, तो गरुड जर्मनीचा. कडेने इंग्रजीत लिहिलंय, 'ही डाइड फॉर फ्रीडम अँड ऑनर'. अशा साडेतेरा लाखांच्या आसपास चकत्या ओतल्या गेल्या. 'ही'च्या जागी 'शी' असलेल्या सुमारे ६००, युद्धात गेलेल्या परिचारिका आणि इतर बायकांसाठी. इंग्लंडात लोक तिला 'मेलेल्या माणसाचा पेनी' म्हणत, कारण दिसायला ती मोठ्या नाण्यासारखीच होती.

या चकतीची एक खुबी आहे. तिच्यावर हुद्दा नाही, पलटण नाही, गाव नाही, तारीख नाही. फक्त नाव. मरणात सगळे सारखे, म्हणून हुद्दा मुद्दामच वगळला होता. विचार चांगला, पण शंभर वर्षांनी माग काढणाऱ्याच्या हातात त्यामुळे फार थोडं उरतं. शिवाय हे नाव नंतर कोरलेलं नसतं, ओतकामातच उठावाने आलेलं असतं. ब्रिटानियाच्या पुढ्यात एक आयत असतो, त्यात. आणि नेमका तोच आयत इथे कुंकवाने गच्च भरला होता. पहिलं नाव कसंबसं लागत होतं, पुढचं नाही.

मी म्हटलं, साफ करू या. दादा म्हणाले, आत्या मारेल.

घरात या ताटलीबद्दल तीन कथा होत्या. बायकांची कथा सरळ, ती देवी आहे. दादांच्या वडिलांची कथा अशी, की आजोबा मांडवीला गोण्या वाहायचे, गोदीच्या स्फोटातून वाचले, त्याबद्दल सरकारने दिलेलं हे बक्षीस. आणि चाळीतल्या पोरांची कथा सगळ्यात भारी, हे त्याच स्फोटातलं उडालेलं सोनं, वरून काळा रंग दिलाय.

पोरांना ही कथा सुचली यात नवल नाही. १४ एप्रिल १९४४ला दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज फुटलं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, शेजारी कापसाच्या गाठी, आणि पेट्यांतून सोन्याच्या विटा. मांडवी-मस्जिद भाग पेटला, शेकडो माणसं गेली. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक परत आले नाहीत आणि त्यांच्या आठवणीत १४ एप्रिलपासूनचा आठवडा आजही अग्निशमन सप्ताह म्हणून पाळला जातो. सोन्याची एक वीट मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात येऊन पडली आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली. गोदीतला गाळ काढताना पुढेही विटा सापडत राहिल्या. पण त्या विटा होत्या, एकेक साडेबारा किलोंच्या वर. आणि चकती तर १९४४च्या वीस-पंचवीस वर्षं आधीच ओतून झाली होती. सोन्याची आणि बक्षिसाची, दोन्ही कथा तिथेच संपल्या. दादा थोडे हिरमुसले. सोन्यासाठी नव्हे, वडिलांची गोष्ट खोटी निघाली म्हणून.

इथे माझी चूक सांगितली पाहिजे. जे पहिलं नाव लागत होतं, ते दादांच्या एका चुलत पणजोबांचंही नाव निघालं. मी मनात ठरवून टाकलं, की आडनाव दादांचंच असणार. दोन महिने ते नाव आणि ते आडनाव घेऊन युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि नावं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत बसले. पलटणीच्या कारकुनांनी मराठी आडनावांचं काय केलंय ते पाहण्यासारखं आहे. शेवटचा 'व' कधी डब्ल्यू, कधी व्ही, कधी नुसता ओ. 'ळ'चा एल. 'राव' आणि 'जी' कधी नावाला चिकटलेले, कधी तोडून वेगळे. मी पंधरा तऱ्हेची स्पेलिंगं करून पाहिली. काही लागेना. चुलत पणजोबांबद्दल विचारलं, तर ते गावातच म्हातारे होऊन वारल्याचं निघालं.

देव्हाऱ्यात ताटलीपुढेच अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण होते. ते मुलगी लग्नात माहेराहून घेऊन येते. मी स्वतः आणलेत. तरी ताटलीही माहेरची असू शकेल हे मला, बाई असून, दोन महिने सुचलं नाही.

सुचवलं आत्याने. तेही सहज, रागाच्या भरात.

आत्या एकोणनव्वदची, कान थोडे गेलेले, बाकी ठणठणीत. तिला भेटायला आम्ही विरारला गेलो, दादा, त्यांची मुलगी आणि मी. आत्या पहिल्यांदा माझ्याशी बोललीच नाही. मग मुलीकडे बोट करून म्हणाली, "हिला सांग, ती आमच्या आयेची देवी हाय. आयेनं म्हायेरनं आणली. रुखवतात मांडली व्हती."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या घरात 'आजी' म्हणजे वेगळीच बाई होती. ज्या आजीच्या मांडीवर ते वाढले, ती आजोबांची दुसरी बायको. ही पहिली, सख्खी आजी, १९४७ साली क्षयाने गेली, तेव्हा आत्या अकरा वर्षांची आणि दादांचे वडील सहा. वर्षाच्या आत आजोबांनी दुसरं लग्न केलं. नव्या बाईचं माहेर तेच घराचं आजोळ झालं, जुन्या माहेराशी जाणंयेणं तुटलं. सख्ख्या आजीचा फोटो नाही. तिच्याबद्दल दादांना ठाऊक असलेली गोष्ट एकच, की ती होती.

मी आत्याला विचारलं, त्या छोट्या टाकावरची बाई कोण? आत्या म्हणाली, "आयेच की. सवतीचा टाक." दुसरेपणाच्या बायकोने पहिलीचा टाक करून घालायचा किंवा पूजेत ठेवायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. दादा पन्नास वर्षं त्या टाकाला देवीचा टाक समजून नमस्कार करत होते. आणि त्या दुसऱ्या आजीने, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ती गेली तोवर, सवतीला आणि सवतीच्या देवीला रोज कुंकू लावलं होतं. नाव बुजवणारा तो थर बहुतेक तिच्या बोटाचा. १९८२च्या संपात गिरणी बंद पडली, दादांच्या वडिलांचा पगार थांबला, तेव्हा घरातला तांब्याचा बंब, पितळी घागरी, परात, सगळं मोडीत गेलं. ताटलीचे चार पैसे तरी आले असते. तिने हात लावू दिला नाही. सवतीची देवी, कोप होईल, म्हणून असेल. दादांनी इथे पहिल्यांदा डोळे पुसले, आणि ते न पाहिलेल्या आजीसाठी नव्हते, पाहिलेल्या आजीसाठी होते.

आत्याला आणखी काय आठवतं ते मी तीन बैठकांत विचारलं. घाई केली की ती गप्प बसायची. एकदा तिने दळतानाच्या ओवीची एक ओळ म्हटली, "बाप माझा बसऱ्याला, बया बसली ओसरीला." पुढचं आठवेना. बसरा म्हणजे आजोळजवळचं एखादं गाव असावं, अशी तिची आजवरची समजूत. मी तिथे वहीत दोन रेघा मारल्या.

दुसरी गोष्ट तिने सांगितली ती पितृपक्षाची. आई देवीला वर्षातून एकदा पान वाढायची. नवरात्रात नव्हे, त्याच्या आधी. वडे, खीर, भात, भाजी, सगळं साग्रसंगीत. ते पान आधी ताटलीपुढे ठेवायचं आणि मग गॅलरीच्या पत्र्यावर कावळ्याला. "मी इचारलं व्हतं, आये, देवीचं पान कावळ्याला कशाला? तर म्हनली, गप."

कोणत्या दिवशी, विचारलं. सर्वपित्रीला घरचं सगळं असायचं, आजोबांच्या बाजूचं. हे त्याच्या आदल्या दिवशी.

सर्वपित्री अमावास्येच्या आदला दिवस म्हणजे भाद्रपद वद्य चतुर्दशी, घातचतुर्दशी. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांचं श्राद्ध त्या दिवशी घालतात. लग्न होऊन गेलेल्या मुलीने सासरच्या चुलीवर बापाचं पान करायचं, हे त्या काळच्या सासूसमोर उघडपणे शक्य नव्हतं. पण माहेरच्या देवीला नैवेद्य दाखवायला कोण आडवं येणार? ती ताटली कुणाची आहे, हे त्या बाईला पक्कं माहीत होतं. अक्षरओळख नव्हती, नाव वाचता येत नव्हतं, तरी माहीत होतं. माझ्या लेखी या प्रकरणातला हा सगळ्यात भक्कम पुरावा. पुढे सापडलेल्या कागदांपेक्षाही.

आत्याला हे सांगितल्यावर ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. मग म्हणाली, "पुसा नाव."

तेवढ्यासाठी एक सूचना, कारण लोक फार नुकसान करून बसतात. असल्या वस्तूला चिंच, लिंबू, राख, पितांबरी काहीही लावू नका. वरचा काळपट थर धातूचं रक्षण करतो आणि तो गेला की उठाव झिजतो. आम्ही डिस्टिल्ड वॉटर, बाळांचा मऊ ब्रश आणि लाकडी दातकोरणी घेऊन दोन संध्याकाळी बसलो. कुंकू ओलं होऊन निघताना कागदावर लाल पाणी सांडत होतं. काढलेलं कुंकू दादांच्या बायकोने एका वाटीत जमा करून तुळशीत घातलं. दुसऱ्या दिवशी आडनाव उघडं पडलं. दादांचं नव्हतं. आत्याला वाचून दाखवलं तर म्हणाली, "आजोळचं."

तिथून काम भराभर झालं. त्या नावाचे तीन शिपाई यादीत होते, एक रत्नागिरीकडचा, दोन साताऱ्याचे. हिंदी शिपायांच्या नोंदींत बऱ्याचदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. दोघांपैकी एकाच्या नोंदीत आत्याने सांगितलेलं गाव होतं, मोडतोड करून लिहिलेलं, पण उच्चारून पाहिलं की कळणारं. पलटण ११७वी मराठा. स्मारक बसरा. मृत्यू जुलै १९१६.

ही पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेलेल्या पहिल्या तुकड्यांपैकी. सहाव्या पुणे डिव्हिजनच्या सोळाव्या ब्रिगेडबरोबर ऑक्टोबर १९१४च्या मध्याला ती मुंबईहून बोटीत चढली. आधी बहारीन, मग नोव्हेंबरात फाव, त्याच महिन्यात बसरा. पुढे तैग्रिसच्या काठाने वर वर. २२ नोव्हेंबर १९१५ला बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला मोठी लढाई होऊन पाय मागे घ्यावे लागले, आणि थकलेलं सैन्य कुट-अल-अमारा या गावात शिरलं. ७ डिसेंबरपासून तुर्कांचा वेढा. आत तीन मराठा पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. १४७ दिवस. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले गेले. हिंदी शिपायांनी ते मांस बरेच दिवस नाकारलं. स्कर्व्हीने हिरड्या सडल्या. २९ एप्रिल १९१६ला शरणागती. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. हिंदी शिपायांना वाळवंटातून पायी रास-अल-ऐनकडे नेलं, तिथे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. कैद झालेल्या नऊ हजारांवर हिंदी शिपायांपैकी निदान अडीच हजार परतले नाहीत. जुलै १९१६ ही तारीख त्या पायपिटीच्या आणि बेगारीच्या काळात पडते.

बसऱ्याच्या स्मारकाबद्दल इथे बोललंच पाहिजे, कारण मुलीने तिथला फोटो शोधून पणजोबांच्या बापाचं नाव दाखवा असा हट्ट धरला होता. (नातं तिने चुकीचं सांगितलं. आजोबांच्या आईचा बाप, मराठीत याला शब्दच नाही.) त्या स्मारकावर ४०,०००हून जास्त मृतांची आठवण आहे. ब्रिटिश शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांसाठी पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. नावं वह्यांत गेली. २०२१मध्ये कमिशनने आपल्याच इतिहासाची चौकशी करून कबूल केलं, की ४५,००० ते ५४,००० मृतांना असं असमान वागवलं गेलं आणि किमान १,१६,००० जणांची नावानिशी नोंदच झाली नाही. म्हणजे ज्या सरकारने लालबागच्या देव्हाऱ्यात पोचलेल्या कांस्यावर नाव उठवलं, त्याच सरकारने भिंतीवर त्या माणसाचा आकड्यात एक करून टाकला. मुलीने मोबाइल खाली ठेवला. 'वॉव' असलं काही म्हणाली नाही, याचं मला बरं वाटलं.

गावाला आम्ही दिवाळीनंतर गेलो. शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी अजून आहे, अशा पाट्या साताऱ्याच्या बऱ्याच गावांत दिसतील. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. इथेही आकडेच.

शिपायाच्या भावाचा नातू सापडला, ऐंशीचा. आम्ही वंशावळीचं बोलतोय म्हटल्यावर पहिला प्रश्न, "सातबाऱ्याचं काय काम काढलंय का?" दादांनी तीन वेळा शपथ घेतली तेव्हा चहा आला. मग म्हातारा हळूहळू मोकळा झाला. शिपायाला भाऊ दोन, मुलगा नाही, एकच मुलगी. १९३७च्या कायद्याआधी एकत्र कुटुंबातल्या विधवेला नवऱ्याच्या वाट्याची जमीन मिळत नसे, पोटगी तेवढी. ती दिरांच्या घरात पोटगीवर राहिली, पेन्शन मात्र तिच्या अंगठ्यावर यायची, आणि त्यावरून घरात कायम धुसफूस. "बिल्ला पोरीबरोबर दिऊन टाकला म्हातारीनं. न्हाईतर आमच्या आज्यानं बैलाच्या गळ्यात बांधला असता." हसत सांगितलं, पण बिल्ला गेला याची सल तीन पिढ्यांनंतरही आवाजात होती. आपला माणूस कसा गेला, यावर त्याला शंका नव्हती. तोफेचा गोळा लागून.

तालुक्याच्या रेकॉर्डरूममध्ये गावाचं कोतवाल बुक मिळालं, जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४. कुणबी नोंदींच्या शोधात ही पुस्तकं अलीकडे पुन्हा उघडली गेलीत, त्याचा फायदा झाला. मोडी मला तुटपुंजी येते, म्हणून जाणकाराला बसवलं. फेब्रुवारी १९१५च्या पानावर शिपायाचं नाव, जात, आणि पुढे अपत्याच्या रकान्यात एकच शब्द, मुलगी. नाव नाही. सासरी तिला देवीचं नाव मिळालं होतं, तांदळाच्या ताटात लिहून. माहेरचं नाव आत्याला अंधुक आठवतं, आजोळची एक म्हातारी आईला नदीच्या नावाने हाक मारायची. कोतवालाने ते लिहिलं असतं तर खात्री झाली असती.

फेब्रुवारी १९१५. बाप ऑक्टोबरातच मुंबईहून निघून गेला होता. तो ज्या धक्क्यावरून बोटीत चढला, तिथून तासभराच्या चालीवर त्या मुलीने पुढे सोळा-सतरा वर्षं संसार केला.

आता राहिला तो पेच, ज्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं. कागद म्हणतो माणूस कैदेत गेला, उपासाने नाहीतर आजाराने. घर म्हणतं गोळ्याने गेला, आणि आजीने त्या समजुतीवर आयुष्यभर घातचतुर्दशी पाळली. शास्त्राप्रमाणे आजारी पडून गेलेल्याचं श्राद्ध चतुर्दशीला घालत नाहीत, त्याच्या तिथीला किंवा सर्वपित्रीला घालतात. मी आधी ठरवलं होतं, हे आत्याला सांगायचं नाही. मग वाटलं, दोन महिने मीच चुकीच्या घरात शोधत होते, आता परत कुणाच्या वतीने ठरवायला निघाले. सांगितलं. वेढा, घोडे, वाळवंट, रेल्वेचे रूळ, सगळं, तिच्या कानाशी तोंड नेऊन, मोठ्याने.

आत्याने विचारलं, "पानी तरी व्हतं का प्यायला?"

मी म्हटलं, पुष्कळदा नसायचं.

"मग घातच की," आत्या म्हणाली. "आयेनं धरली तीच तिथी."

दादा आता भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, चाळीची इमारत उठेपर्यंत. तिथे देव्हारा स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर ठेवलाय, ते त्यांच्या बायकोला पटलेलं नाही. ताटली देव्हाऱ्यातच हवी की काचेच्या चौकटीत, यावर मुलीचं आणि तिचं जुंपलं होतं. मला विचारलं तेव्हा मी कानावर हात ठेवले. गेल्या आठवड्यात दादांचा फोन आला. आत्याने निकाल दिलाय. ताटली देव्हाऱ्यात, सवतीच्या टाकाशेजारी. कुंकू रोज लावायचं, पण बाईच्या कपाळाला. नावावर बोट जाऊ द्यायचं नाही.